उलट्या तोंडाचा बगळा

गिरधरने ओट्यावर एक चप्पल काढली आणि दुसरी काढायची राहूनच गेली.

मधल्या खोलीत खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, पहार, विळे, मायची भाजी चिरायची विळी. पुतणी प्रमिला भडगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, तिचं पेन. धाकट्या भावाचा, जिवरामचा, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप. आणि मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी, वडिलांचा, म्हणजे आबांचा, बासष्ट सालचा जपानी फवारणी पंप. हे दरवर्षीचंच होतं. पण यंदा त्या जुन्या पंपाला टेकवून, हळदकुंकू लावून, एक मूठभर काळा लोखंडी ठोकळा ठेवलेला होता. तो पाहूनच गिरधरचा पाय चपलेत अडकला होता.

तो ठसा होता. जपानी कंपनीच्या पितळी पट्टीवर पंख पसरलेला एक पक्षी असायचा. तिकडे त्याला काय म्हणत असतील ते असो, खानदेशात तो बगळा झाला आणि पंप झाला बगळा पंप. पंप विकत घेताना शेतकरी टाकी बघत नसे, इंजिन बघत नसे. पट्टीवर अंगठा फिरवायचा, बगळा बोटाला लागला की म्हणायचा, "बांधी दे." तोच बगळा, खालच्या कंपनीच्या नावासकट, धुळ्याच्या सुपडू मिस्तरीने या ठोकळ्यावर उलटा कोरला होता. त्यावर पत्रा ठेवून घण मारला की बगळा सुलटा उठायचा.

जळगावला गिरधरचं या पंपांच्या एजन्सीचं दुकान होतं. जपानचे साहेब दिवाळीच्या आधी येणार, ते दुकान बघणार, धुळ्याला जाणार, असं पत्र आलं तेव्हा गिरधरने हा ठसा धुळ्याहून आणला होता आणि गावी येऊन मायच्या पेटीत, तिच्या लुगड्यांच्या तळाशी, फडक्यात बांधून ठेवला होता. आईची पेटी, तिथे कोण हात घालणार! माय स्वतः घालेल, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो वाकला आणि ठशाला हात घातला. मायने, शेवंताबाईंनी, त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हात नको लावू. मांडेल हत्यार दसरालोंग उचलतस का कोनी?"

"माय, ते कामनं नही शे. जुनं लोखंड शे."

"मंग आबाना पंप काय नवा शे?" माय हसली. "मनी पेटीमा सापडनं. आनि देख ना, त्यानावर बी बगळा शे! म्हनीसन पंपना जोडे ठेवं. हाऊ इकडे देखस, तो तिकडे देखस. जोडी झायी."

मायला अक्षर येत नव्हतं. पण बगळ्याचं तोंड उलट्या बाजूला आहे हे तिने बरोबर हेरलं होतं. ज्या हत्याराने घरात भाकरी येते ते आज देवापुढे बसायचं आणि उद्या दसऱ्यापर्यंत तिथून हलायचं नाही, हा या घराचा नियम. सासूकडून तिने तो घेतला आणि साठ वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

गिरधरची बायको कुंदाबाई मागून आली. तिने पूजेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "फुलं टाका त्याच्यावर. दोन तासांचा तर प्रश्न आहे. साहेब आज आधी इथेच येताहेत; जेवतील, जातील. तोंडाला तेवढं कुलूप लावा." सबंध घरात ठशाची गोष्ट ठाऊक असलेली ती एकटीच. टोपलीतले झेंडू ओंजळीने घेऊन तिने त्या ठोकळ्यावर ढीग केला. गिरधरने आता कुठे दुसरी चप्पल काढली.

हे पाप एका दिवसात झालेलं नव्हतं. पापं अशी एका दिवसात होतही नाहीत. त्र्याऐंशी साली परदेशी मालाची वाट बघून बघून लोक थकले. कपाशीवर अळी, दुकानापुढे रांग, आणि पेट्या मुंबईच्या गोदीत अडकलेल्या. तेव्हा गिरधरने आधी फक्त वायसर धुळ्याला करून घेतले. मग नळ्या. मग टाकी. मग इंजिन कुठून तरी मिळालं. शेवटी जपानची म्हणून फक्त पट्टी उरली, आणि एक दिवस पट्ट्याही संपल्या. 'धुळ्याचा पंप' म्हणून विकला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण मग अंगठ्याला बगळा लागला नसता.

अकराच्या सुमारास अँब्युलन्ससारखी पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि अर्धं गाव मागे लागलं. नाकाझावा साहेब उतरले. साठीच्या आसपासचे, किरकोळ बांध्याचे, हातात कागदाची गुंडाळी. दारात त्यांनी बूट काढले, जोडी नीट लावून ठेवली आणि आबांपुढे कमरेत वाकले. तोताराम आबा चौऱ्याहत्तरीचे, कधी कुणापुढे न वाकलेले, तेही वाकले. मग साहेब पुन्हा वाकले. असं तीनदा झाल्यावर माय पदरात तोंड घालून म्हणाली, "आते बशा म्हनो त्यासले, नही त जेवन थंडं होई."

साहेब इंग्रजीत बोलत, प्रमिला मराठीत सांगत असे. गिरधरला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण वीस वर्षं माहितीपत्रकं वाचून समजत मात्र सगळं होतं. साहेबांनी आधी सांगितलं की या भागातला पहिला पंप ज्यांनी घेतला त्यांचं नाव कंपनीच्या वहीत अजून आहे, म्हणून जळगावचं दुकान नंतर, आधी हे घर.

आबा सुखावले. उठून त्यांनी देव्हाऱ्यामागून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. "प्रमिला, सायेबले सांग. चौसष्ट सालमा पंपनी तोटी तुटनी. मी मास्तरकडथून कागद लिखाडा. तीन महिनाथून नवी तोटी उनी, आनि संगे हाई चिठ्ठी. काय लिखेल शे? की तुम्हले तरास झाया, माफी करा. दोन साल वापरेल तोटी तुटनी, त्यानी बी माफी! असा मानसं शेत म्हना ते."

साहेबांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली. सही बघून ते म्हणाले, "हे आमचे जुने मालक. वारले."

मग त्यांनी गुंडाळी उलगडली. मोठा चौकटीचा कागद, त्यावर शाईची रेघ. जपानमधून कोणत्या वर्षी खानदेशात किती पंप आले त्याचा तो आलेख. बासष्टला एक. पुढच्या वर्षी सात. मग रेघ चढत चढत चारशेपर्यंत गेलेली, त्र्याऐंशीला वाकलेली, आणि शहाऐंशीपासून कागदाच्या तळाला शून्यावर झोपलेली.

"ते म्हणतात," प्रमिला सांगू लागली, "गरीब देशांत आमचा माल असाच चढतो आणि असाच उतरतो. त्यांचे स्वतःचे कारखाने निघतात, आमची गरज संपते. त्यात वाईट वाटायचं काही नाही. पण तिथे मग शेतात दुसऱ्या खुणेचे पंप दिसतात. इथे आमची रेघ शून्यावर आली, आणि आज जळगावहून येताना गाडीतून त्यांनी अकरा बगळे मोजले."

खोलीत हसू पसरलं. गिरधरही हसला.

"म्हणून ते शिकायला आलेत," प्रमिला म्हणाली. "बाकीच्या देशांत आमचा पंप तीन-चार वर्षांत मोडीत जातो. तुम्ही लोक तो पंधरा-वीस वर्षं चालवता. कसा जपता, ते त्यांना लिहून न्यायचंय."

आबा एकदम ताठ बसले. गिरधरने आयुष्यात वडिलांना इतकं आनंदलेलं दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याचं कारण चांगलं होतं.

"पूजा करतस आम्ही! हाई सांग त्यासले. दर साल. यंत्र म्हनीसन नही, घरनं मानूस म्हनीसन."

प्रमिलाने सांगितलं. साहेबांनी खिशातून लहान वही काढून ते खरंच लिहून घेतलं. ते लिहीत असताना गिरधरला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं होईल. चोरी पकडली जाईल या भीतीची त्याला सवय होती. चोरीचं कौतुक होईल, ते वडिलांच्या तोंडून होईल आणि जपानला लिहून नेलं जाईल, याची तयारी त्याने केलेली नव्हती.

"नाना, तुम्ही काही सांगता?" प्रमिलाने गिरधरला विचारलं.

"आबांनी सांगितलं ना," गिरधर म्हणाला. "तेच."

आरतीची वेळ झाली. माय ताट घेऊन आली आणि पूजेकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "हाऊ उकिरडा कोनी कया?" एका हत्याराला एक फूल, हा तिचा हिशोब. ती खाली बसली आणि ठशावरचा ढीग उपसून एकेक फूल फाळाला, कुऱ्हाडीला, विळ्यांना वाटू लागली. कुंदाबाई "राहू द्या ना सासूबाई" म्हणेपर्यंत ठोकळा उघडा पडला होता.

आरती झाली. साहेब गुडघे मोडून पूजेपुढे बसले, जुन्या पंपापुढे कपाळ जमिनीपर्यंत नेलं आणि वर येताना थांबले. त्यांनी ठशाकडे पाहिलं. मान थोडी तिरपी करून पुन्हा पाहिलं. मग शेजारच्या जिवरामच्या पंपाकडे. परवानगी मागून त्यांनी त्याच्या टाकीचं झाकण फिरवलं, आतला वायसर बोटाने काढला. ट्रकच्या ट्यूबमधून कातरलेला, कडेला खडबडीत. तो त्यांनी परत बसवला आणि प्रमिलाला अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

गिरधरने ते ऐकलं. हा ठसा या घरात कसा, असं त्यांनी विचारलं होतं.

प्रमिलाने ठशावरची उलटी अक्षरं उजवीकडून डावीकडे लावून पाहिली. तिने वर पाहिलं ते थेट गिरधरकडे.

"काय म्हनतस सायेब?" आबांनी विचारलं.

प्रमिलाने निरांजन सरळ केलं. "म्हणतात, पूजा फार छान मांडली."

गिरधरची मान खाली गेली. हीच पोर लहानपणी शाळेत उशीर झाला तर खोटं कारण सांगायला लाजायची, रडत खरं सांगून यायची. आज भर देवापुढे, आजोबांच्या तोंडावर, ती आपल्यासाठी खोटं बोलली. आपण नुसते खोटे पंपच घडवत नाही, घरातली माणसंही आता आपल्यासारखी घडवू लागलो, असं त्याला वाटलं.

आबांना मात्र साहेबांच्या हातात जिवरामचा पंप बघून वेगळाच राग आठवला. "हाऊ पंप ना? हाऊ पंप नका देखू तुम्ही. हाऊ या गबाळ्याना शे." ते जिवरामकडे वळले. "काढ सदरा. दखाड सायेबले."

"आबा, ऱ्हाऊ द्या ना," जिवराम म्हणाला.

"काढ म्हनस ना!"

पंचेचाळीस वर्षांच्या जिवरामने सदरा काढला. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत औषध गळून गळून पडलेले काळे-पांढरे डाग होते. मधली कातडी सुरकुतून तुकतुकीत झालेली. गावातली दोन माणसं दारातून डोकावत होती, त्यांनी नजर फिरवली.

"देखा," आबा म्हणाले. "बगळा कधी गळत नही. यानाच हात गळका शे. झाकन नीट लावत नही, पंप पुसत नही. चार साल झाये, सांगी सांगी मनी जीभ झिजनी. सांग प्रमिला, सायेबले सांग, तुम्हना पंपना दोष नही शे."

प्रमिला साहेबांकडे न वळता जिवरामजवळ जाऊन उभी राहिली. तो तिचा बाप होता. साहेबांनी ती पाठ पाहिली, ठसा पाहिला, आणि मग गिरधरकडे पाहिलं. नजरेत राग असता तर सोसला असता. ते नुसते वाट बघत होते.

"आबा," गिरधर म्हणाला. कुंदाबाईने मागून त्याचा सदरा ओढला. त्याने तो सोडवून घेतला. "जिवरामना काही दोष नही. त्याना पंप जपानना नहीच शे. मी बनाडेल शे, धुळ्याले. पाच-सहा साल झाये, मना दुकानमाईन खोटा बगळा जाई ऱ्हायनात. मांगना चार साल त बठ्ठा खोटा शेत. हाऊ ठसा त्यानाच शे."

चुलीवर खापर तापलं होतं, त्यावर टाकलेला पुरणाचा मांडा करपल्याचा वास आला. उठून बघायला कुणी गेलं नाही.

कुंदाबाईच आधी बोलली. "आबा, माल वर्ष वर्ष येत नव्हता. लोकांची कपाशी डोळ्यांदेखत जात होती. यांनी लोकांची अडचण भागवली, दुसरं काय केलं?"

"माल नही उना, तर नही उना असं सांगता येत नही व्हतं का, बाई?" आबा तिला म्हणाले. मग गिरधरकडे वळले. "जिवरामले बी तसाच दिन्हा?"

"हा."

"देतांना तुले मालूम व्हतं?"

गिरधरला खोटं बोलायची शेवटची संधी ती होती. "व्हतं," तो म्हणाला.

आबांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ते खाली वाकले, जिवरामचा सदरा उचलला, झटकला आणि लहान पोराला घालावा तसा त्याच्या अंगात घातला. एकेक गुंडी लावत गेले. वरची गुंडी लागेना. बराच वेळ झटून त्यांनी तीही लावली.

"चार साल बोलनू मी तुले," ते म्हणाले.

"जाऊ द्या आबा," जिवराम म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते, पण ते भावावरच्या रागाने की बापाच्या हाताने, ते त्यालाही सांगता आलं नसतं. गिरधरकडे मात्र त्याने पाहिलं नाही. त्या सबंध दिवसात एकदाही पाहिलं नाही.

"प्रमिला," गिरधर म्हणाला, "साहेबांना सांग. सगळं. एक शब्द गाळू नको."

तिने सांगितलं. साहेबांनी तो आलेखाचा कागद गिरधरपुढे पसरला आणि खिशातली पेन्सिल काढून दोन्ही हातांनी त्याला दिली. मागणं उघड होतं. चौऱ्याऐंशीच्या रकान्यात गिरधरने कंपनीच्या पंपांत आपले मिळवून एकूण किती ते लिहिलं, मग पंच्याऐंशीत, शहाऐंशीत, थेट एकोणनव्वदपर्यंत. साहेबांनी पट्टी लावून ते ठिपके जोडले. शून्यावर झोपलेल्या रेघेच्या वरून दुसरी रेघ निघाली आणि काही झालंच नाही अशी चढत गेली.

त्यांनी त्या नव्या रेघेवरून पेन्सिलीचं टोक शेवटपर्यंत नेलं. मग बोलले, आणि या वेळी प्रमिलाने जसंच्या तसं सांगितलं. "म्हणतात, आमच्याकडे नवीन पोरांना शिकवताना तुमच्या आबांचं नाव सांगतात. वस्तू कशी जपावी ते या गावाकडून शिका म्हणतात."

यापेक्षा त्यांनी मुस्काटात दिली असती तर गिरधरने ती आनंदाने घेतली असती. आता एजन्सी जाईल, दुकानाची पाटी उतरेल, हे त्याला कळत होतं. पण त्या घडीला त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. साहेबांनी परत केलेली ती माफीची चिठ्ठी आबांच्या बैठकीवर अजून तशीच होती, तिच्याकडे बघायची मात्र त्याला हिंमत झाली नाही.

मायने आग्रह केला म्हणून साहेबांनी एक मांडा दुधाबरोबर खाल्ला. निघताना ते आबांपुढे वाकले, जिवरामपुढे त्याहून खोल वाकले. गिरधरसमोर क्षणभर उभे राहिले आणि गाडीत जाऊन बसले.

धूळ खाली बसल्यावर माय गिरधरजवळ आली. "मन्हं काही चुकनं का रे भाऊ? मी ते मांडालेच नही पाहिजे व्हतं का?"

"नही माय," तो म्हणाला. "तुन्हं काही चुकनं नही." तो आत गेला आणि ठसा उचलायला वाकला.

"हात नको लावू," या वेळी ओट्यावरून आबांचा आवाज आला. "मांडेल हत्यार शे. दसरालोंग हलाव नही. सकाय दसरा शे, गाव सोनं वाटाले येई. इचारतीन लोकं, हाई काय शे. जवळ बशी तू सांगशी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिलंगणाहून लोक परतले आणि हातात आपट्याची पानं घेऊन घरोघर निघाले. गिरधर सकाळपासून पूजेशेजारी बसलेला होता. कुंदाबाई डोकं दुखतं म्हणून आतच राहिली. आबा ओट्यावर पाठमोरे, अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

पहिला आला तो खालच्या आळीचा कौतिक बाबा. दोन वर्षांपूर्वी कपाशीच्या पैशांतून त्याने गिरधरकडून पंप नेला होता. देवाला नमस्कार करून तो पूजेपुढे टेकला आणि बगळा दिसताच सवयीने त्यावर अंगठा फिरवला.

"हाऊ बगळा उलटा कसाले शे रे गिरधर?"

अडकित्त्याचा आवाज थांबला.

"बाबा," गिरधर म्हणाला. "तुम्हना घरना पंप गळस का?"

म्हातारा ओशाळला. पाठीवरचा सदरा त्याने उगीच खाली ओढला. "गळस थोडा. पन त्यामा पंपनी काय चूक शे? मनाच हात आते कामना नही ऱ्हायनात." आणि हसून त्याने आपट्याची पानं पुढे केली. "ले, सोनं ले."

गिरधरने पुढे झालेला हात मागे घेतला.

"सोनं मांगून द्या, बाबा," तो म्हणाला. "पहिले ऐकी ल्या."